जमा करायची बंदूक

हवालदार खोचऱ्यांनी बंदुकीवरचं कापड सोडलं, लाखेचं सील शाबूत असल्याचं साहेबांना दाखवून ते तोडलं आणि नळी नेमकी साहेबांच्या पोटाकडे करून उभे राहिले.

माझ्या वकील क्षमा वायंगणकर यांनी मला सकाळपासून तीनदा बजावलं होतं की साहेबांनी विचारल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही. बाहेर व्हरांड्यात आईनेही तेच सांगितलं होतं, फक्त जरा जास्त कडक शब्दांत. पण मला राहवलं नाही.

"हवालदारकाका, नळी खाली धरा," मी म्हणाले. "रिकामी असली तरी माणसाकडे धरत नाहीत."

खोचऱ्यांनी चपापून नळी खाली केली. न्यायाधीश बोरकुटे साहेबांनी आधी आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. वायंगणकरबाईंनी डोळे मिटून घेतले. त्या अर्धा तास साहेबांना हेच पटवत होत्या की या मुलीचा बंदुकीशी काही संबंध नाही, घरातली एक वस्तू पोलीस ठाण्यात पोचवायला ती निघाली होती, एवढंच.

"तुला बंदुकीतलं कळतं?" साहेबांनी विचारलं.

"थोडं."

सरकारी वकिलांनी ते 'थोडं' लगेच आपल्या कागदावर लिहून घेतलं.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी सोळा पुरी करून सतराव्यात पडले होते. नाव रोशनी घोगळे, राहणार वेतखोल, म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याशी जिथे एसटी दिवसातून दोनदा येते आणि तेवढ्याच वेळा परत जाते ते गाव. आणि कोर्टाच्या कागदांत मी 'यापूर्वी प्रोबेशनवर असलेली' होते.

ते प्रोबेशन कशाचं, तेही सांगून टाकते. आमच्या गावात चिरेखाण आहे. खाणीचा डंपर एका दुपारी आमच्या पाडीला, म्हणजे कालवडीला, चिरडून गेला, आणि ड्रायव्हर थांबायचा सोडून हसला. तो हसला नसता तर मी काहीही केलं नसतं असं मी आजही म्हणते. आई म्हणते, तरी केलंच असतंस. हाताला लागला तो चिऱ्याचा तुकडा मी भिरकावला. काच फुटली आणि ड्रायव्हरच्या कपाळाला सात टाके पडले. बाल न्याय मंडळाने मला वर्षभराच्या प्रोबेशनवर घरी सोडलं. दर महिन्याला प्रोबेशन अधिकाऱ्यापुढे हजेरी द्यायची, वागणूक नीट ठेवायची, आणि या वर्षात दुसरा गुन्हा घडला तर गाठ विशेष गृहाशी, असं मंडळाच्या बाईंनी मला समोर उभं करून सांगितलं होतं. आठ महिने मी इतकी नीट वागले की गावात लोक मला आजारी आहेस का म्हणून विचारायचे.

नवव्या महिन्यात विधानसभेची निवडणूक लागली.

आमच्याकडे आजोची, म्हणजे माझ्या आजोबांची, ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरून गजाने ठासायची, ती जुन्या पद्धतीची. शेतीसंरक्षणाचा परवाना होता. रात्री रानडुकरं भातात उतरली की आजो एक बार काढायचा आणि आवाजानेच कळप पळायचा. ती बंदूक नसती तर आमच्या दोन कुणग्यांतलं, म्हणजे खाचरांतलं, भात आमच्या घरी आलंच नसतं. निवडणूक आली की परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि निकालानंतर परत मिळतात. मुदतीत जमा केली नाही तर परवाना जातो. आजोने चाळीस वर्षांत एकही मुदत चुकवली नव्हती. मतदानाला एखादे वेळी गेला नसेल, पण बंदूक वेळेवर जमा.

त्या वर्षी आजो माडाखाली घसरून पडला आणि त्याचा खुबा मोडला. आई त्याला घेऊन गोव्याच्या इस्पितळात गेली. बाबा मी लहान असतानाच वारले होते, त्यामुळे घरी मी एकटी. तिसऱ्या दिवशी पोलीस पाटील नोटीस घेऊन आले, माझी सही घेतली आणि निघून गेले. मुदत दोन दिवसांची होती. आजोचं ऑपरेशन मुदतीच्या शेवटच्या दिवशीच होतं. मी आईला फोन केला नाही. काय सांगणार होते? आजोला कळलं असतं तर त्याने ऑपरेशनच्या टेबलावरून उठायचं म्हटलं असतं.

मी स्वतःच ठरवलं. बंदूक पेटीतून काढली, जमा करण्याआधी तिचं जे काही करायचं असतं ते केलं, चादरीत गुंडाळली आणि टमटममध्ये बसले. परवान्याचं पुस्तक कपाटात होतं आणि किल्ली आईच्या कमरेला, गोव्यात. ठाण्यात सगळे आजोला ओळखतात, तेव्हा पुस्तक मागाहून दाखवू, असा माझा हिशेब होता.

ठाणं तीन किलोमीटरवर राहिलं असताना निवडणुकीच्या पथकाने टमटम अडवली. पथकातली माणसं बाहेरच्या जिल्ह्यातली. खोचरे त्यातच होते. त्यांनी गुंडाळीवर काठी ठेवून विचारलं, यात काय आहे?

आता इथे माझी चूक झाली, आणि ती मी कोणावर ढकलत नाही. प्रोबेशनवर असलेल्या मुलीने 'बंदूक' हा शब्द उच्चारायचा तरी कसा, या विचाराने माझी जीभ अडली आणि मी म्हणाले, "मच्छरदाणीच्या काठ्या."

पुढे काय झालं ते सांगायला नकोच. पंचनाम्यात लिहिलं गेलं की मुलीने खोटी माहिती दिली, आणि बंदुकीच्या नळीत तोंडाशी पांढरट घट्ट पदार्थ भरलेला आढळला, बहुधा स्फोटक. नमुना तपासणीला गेला तो गेलाच. मंडळापुढे मी गप्प राहिले. आमच्या ओळखीच्या एका कारकुनाने आईला सांगितलं होतं की पोर तोंड उघडेल तर म्हाताऱ्यावर येईल, परवान्याची बंदूक अल्पवयीन मुलीच्या हातात दिली म्हणून त्याला आत घालतील. खुबा मोडलेला माणूस आत गेला असता तर परत आला नसता. म्हणून मी एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. मंडळाच्या आदेशात माझ्या गप्प बसण्याला उद्धटपणा म्हटलं होतं. शिक्षा झाली, विशेष गृहात दोन वर्षं.

विशेष गृह तीनशे किलोमीटरवर होतं. माझी बारावी बुडणार होती, आई एकटी पडणार होती, आणि आजो दोन वर्षं टिकेल याची कोणालाच खात्री नव्हती. मोफत कायदा मदतीतून वायंगणकरबाई मिळाल्या. वय अठ्ठावीस, आणि हे त्यांचं पहिलंच अपील. त्यांनी आदेशाला स्थगिती मिळवली आणि जप्त केलेली बंदूक प्रत्यक्ष कोर्टात मागवावी असा अर्ज दिला. कशासाठी, ते मला सांगितलं नाही. माझ्या तोंडाचा त्यांना भरवसा नव्हता, आणि तो का नव्हता ते आता वाचणाऱ्यालाही कळलं असेल.

तर साहेबांनी माझं 'थोडं' ऐकून घेतलं आणि पंचनामा वाचत विचारलं, "हा पांढरा पदार्थ कसला? तपासणीचा अहवाल कुठे आहे?"

सरकारी वकील म्हणाले, अहवाल अजून प्रलंबित आहे.

"सात महिने?"

सरकारी वकिलांनी खोचऱ्यांकडे पाहिलं आणि खोचऱ्यांनी बंदुकीकडे. साहेबांनी सांगितलं, थोडा पदार्थ काढून दाखवा. खोचरे मागे सरले. स्फोटक असेल तर धोका होईल, असं ते म्हणाले. सरकारी वकीलही दोन पावलं दाराकडे गेले, अगदी सहज गेल्यासारखे. बोरकुटे साहेब चंद्रपूरकडचे, आमच्या जिल्ह्यात येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. त्यांनीही खुर्ची पुन्हा सरकवली.

मला माहीत होतं तो पदार्थ काय आहे. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न 'कोणी भरला' हा येणार, आणि तिथे आजोचं नाव निघणार. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

अल्पवयीन मुलांची प्रकरणं दार बंद करून चालतात, त्यामुळे दालनात आम्ही मोजकीच माणसं होतो. त्यात दाराशी गावडे नावाचे एक म्हातारे शिपाई होते. नावं पुकारणं आणि पाणी ठेवणं एवढंच त्यांचं काम. ते न विचारता पुढे आले, नळीच्या तोंडाशी नख खुपसलं, वास घेतला आणि बोट बोटावर चोळलं.

"साहेब, ह्या मुठेल आसा," ते म्हणाले.

"काय आहे?"

"मुठेल. कोकमाच्या बियांचा तेल. थिजला काय असा घट्ट होता, मग मुठीत धरून गोळो वळतत. पायाक भेगो पडल्यो काय आमी लावतंव." एवढं बोलून त्यांनी खरंच चप्पल काढली आणि साहेबांना टाच दाखवली. "माझ्या ड्रावरात पण आसा. हाडू काय?"

गावड्यांनी गोळा आणला. साहेबांनी दोन्ही नमुने हातावर चोळून पाहिले, नाकाशी धरले आणि कोर्टाच्या कारकुनालाही हुंगायला दिले. कारकून मालवणचा होता. तो म्हणाला, मुठेलच.

"पण ते बंदुकीत कशाला?"

वायंगणकरबाई याच प्रश्नाची वाट पाहत होत्या. त्या उठल्या आणि सांगू लागल्या की जमा केलेल्या बंदुका महिना-दीड महिना दमट कोठीत पडून राहतात आणि नळी आतून गंजते, म्हणून या भागातले जुने लोक जमा करण्याआधी नळीत मुठेल वितळवून फिरवतात आणि तोंड त्याच्याच गोळ्याने बंद करतात. बंदूक चालवायला निघालेला माणूस हे कधीच करणार नाही. फक्त जमा करायला निघालेलाच करेल.

इतके महिने मी ज्या गोष्टीला घाबरत होते, तीच माझ्या बाजूने साक्ष देत होती.

पण साहेबांनी तो प्रश्न विचारलाच. "हे कोणी केलं?"

वायंगणकरबाईंचा हात फाईलमध्ये गेला आणि एका कागदावर थांबला, ते मला दिसलं. तो कागद कसला, मला माहीत नव्हतं. मला इतकंच कळलं की आता कोणीतरी आजोचं नाव घेणार.

"मी केलं," मी म्हणाले.

"तुझ्या आजोबांनी सांगितलं म्हणून?"

"नाही साहेब. आजो गोव्याला इस्पितळात होता. नोटीस आली ती माझ्या सहीने घेतली, बघा. त्याला अजूनपर्यंत नीट माहीत नाही मी काय काय केलं ते. तो दर निवडणुकीला करायचा ते मी लहानपणापासून बघत होते."

सरकारी वकील उठले. म्हाताऱ्याला वाचवायला मुलगी हे सांगते आहे, सोळा वर्षांच्या मुलीला हे जमणारच नाही, असं त्यांचं म्हणणं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "करून दाखवशील?"

मला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मी पुढे गेले, खोचऱ्यांच्या हातातून बंदूक घेतली, नळी जमिनीकडे केली आणि सगळ्यांना माझ्या मागे उभं राहायला सांगितलं. सगळे राहिले. साहेबसुद्धा खुर्ची सोडून खाली आले.

आधी तोंडाचा गोळा कोरून काढला. मग नळीखालचा गज काढून आत सोडला, तळाला टेकल्यावर तोंडाशी अंगठ्याने खूण धरली, आणि बाहेर काढून नळीच्या बाजूला लावून दाखवला. गज थेट मागच्या कानापर्यंत पोचला, म्हणजे जिथे ठिणगी आत जाते त्या भोकापर्यंत. "आत दारू असती तर गज इथे चार बोटं कमी पडला असता," मी सांगितलं. सील करायची लाख वितळवायला कारकुनाकडे मेणबत्ती असते, ती पेटवून घेतली. साहेबांच्या चहाच्या कपातला चमचा मागितला आणि त्यात गावड्यांचा मुठेल वितळवला. नळीत ओतून बंदूक सावकाश गोल फिरवली, म्हणजे तेल सगळीकडे लागतं. थोडा मुठेल कानात दाबला. उरलेल्याचा गोळा करून तोंड बंद केलं आणि ओढणीने वरची नळी पुसून काढली.

दहा-बारा मिनिटं लागली असतील.

"आणि आता ही उडवायची झाली तर?" साहेबांनी विचारलं.

"आता नाही उडत. गरम पाणी ओतून नळी धुवायला लागते, मग उन्हात वाळवायची. अर्धा दिवस जातो, तेही ऊन असलं तर."

सरकारी वकील म्हणाले, मुलगी बंदूक हाताळण्यात तरबेज आहे, हेच यातून सिद्ध होतं.

"होतं खरं," साहेब म्हणाले. "मघाशी या दालनात बंदूक कशी धरावी हे फक्त हिलाच माहीत होतं, हेही सिद्ध झालं."

खोचऱ्यांनी मान खाली घातली. मला त्यांची थोडी कीव आली, पण थोडीच.

मग साहेबांनी मला विचारलं, पथकाला खोटं का सांगितलंस? मी सांगितलं, घाबरले म्हणून. प्रोबेशनवर होते. बंदूक म्हटलं असतं तर पुढचं कोणी ऐकून घेतलं नसतं. आणि मंडळापुढे का बोलली नाहीस? आजोवर येईल म्हणून. साहेबांनी बराच वेळ काही लिहिलं आणि मग तिथेच आदेश सांगितला. मुलीने नियम मोडला, परवानाधारक सोबत नसताना बंदूक घेऊन रस्त्यावर आली, आणि पथकाला खोटं सांगितलं, त्याबद्दल तिला कडक समज देण्यात येते. पण बंदूक चालवण्याच्या स्थितीत नव्हती आणि ती कायद्याप्रमाणे जमा करायलाच नेली जात होती, याबद्दल शंका राहिलेली नाही. विशेष गृहाचा आदेश रद्द. प्रोबेशनचे राहिलेले महिने पहिल्यासारखे पुरे करावेत. परवानाधारकाचा काही दोष दिसत नाही, बंदूक त्यांना परत करावी.

माझ्या कानांवर माझाच विश्वास बसेना. मी मागच्या बाकावरच्या आईकडे पाहिलं तर ती दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसत होती. मला तिथेच नाचावंसं वाटत होतं. समज मिळालेल्या मुलीने कोर्टात नाचू नये इतकी अक्कल मला होती, म्हणून मी व्हरांड्यात आले, आणि मग आईला उचलून गरागरा फिरवली. तिची चप्पल जिन्यावरून खाली गेली. गावडेकाका ती घेऊन वर आले आणि म्हणाले, चमचो साहेबांचो होतो, मीच धुतलंय.

वायंगणकरबाई मागून आल्या. पहिलंच अपील जिंकलं होतं, तरी त्यांचा चेहरा वेगळाच दिसत होता. त्यांनी फाईलमधून घडी घातलेला तो कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "हे तुला न सांगायचं वचन दिलं होतं," त्या म्हणाल्या. "आता सांगायला हरकत नाही."

कागदावर लिहिलं होतं, मी भिकाजी सखाराम घोगळे, राहणार वेतखोल, लिहून देतो की बंदूक मी स्वतः माझी नात रोशनी हिच्या हातात दिली. तिचा काही दोष नाही. जी शिक्षा असेल ती मला व्हावी. खाली आजोची वेडीवाकडी सही होती.

"दोन महिन्यांपूर्वी त्यांनी मला घरी बोलावून दिला," बाई म्हणाल्या. "हरायला लागलात तर पुढे करा म्हणाले. हे खोटं आहे हे मलाही कळत होतं. मघाशी साहेबांनी 'कोणी केलं' विचारलं तेव्हा माझा हात यावरच होता. दिला असता की नाही, मला अजून माहीत नाही. तू 'मी' म्हणालीस आणि मी फाईल बंद केली."

मी तो कागद घेऊन घरी आले. एसटीत आई सगळ्या ओळखीच्यांना आणि अनोळखींनाही चमच्याची गोष्ट सांगत होती. मी खिडकीशी बसून तो कागद चारदा वाचला. सात महिने मी त्याच्यासाठी तोंड बंद ठेवलं होतं आणि तो माझ्यासाठी आत जायला तयार होऊन बसला होता, आणि एकाच घरात राहून आम्हा दोघांना एकमेकांचं काही कळलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते मी येऊ दिलं.

आजो ओट्यावर चालायची काठी मांडीवर घेऊन बसला होता. आम्हा दोघींना येताना पाहूनच त्याला काय ते कळलं असणार, तरी त्याने विचारलं, "खंय धाडतत तुका?"

"खंयच नाय. सुटलंय. बंदूक पण परत देतले, तुझो परवानो पण रवलो."

त्याने मान हलवून समोरच्या कुणग्याकडे तोंड फिरवलं. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायला तो काठीची मूठ पुसत होता. मी त्याच्या पायाशी बसले आणि कागद त्याच्यापुढे धरला.

"आजो, ह्या असा खोटा कित्याक लिवन दिलंस?"

त्याने कागद घेतला, डोळ्यांजवळ नेऊन आपली सही नीट पाहिली आणि घडी करून माझ्या हातात परत ठेवला.

"खोटा खंय आसा?" तो म्हणाला. "बंदूक मी तुकाच दिलेलंय. तुका सांगूचा तेवढा रवलेला."